दोन ग्राफिक कार्डं लावावीत का? भारी गेमिंग पीसी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

भारी पीसी करायचं ठरलं की कुणीतरी हमखास विचारतं, "दोन कार्डं टाकली तर?" रक्कम मोठी असते, बऱ्याचदा घरच्यांकडून घेतलेली किंवा पहिल्या पगारातनं साठवलेली, त्यामुळे इथे जरा सविस्तरच लिहितोय. घाई असेल तर पहिलं उत्तर वाचा आणि मदरबोर्डचं वाचा, बाकीचं नंतर निवांत.

सरळ सांगा, गेमिंगसाठी दोन कार्डं घेऊ का एक?

एक. बजेटमध्ये बसेल तेवढं मोठं एकच कार्ड घ्या. एकच गेम दोन कार्डांनी मिळून चालवायची जी जुनी पद्धत होती ती नव्या कार्डांवर आणि नव्या गेम्समध्ये जवळपास संपलीये. दुसरं कार्ड आज कामाला येतं ते तीन-चार वेगळ्याच कामांसाठी, आणि ती कामं तुमची असतील तर मात्र मजा आहे, ती खाली सांगतो.

मग जुन्या व्हिडिओंमध्ये लोक दोन-दोन, चार-चार कार्डं लावलेली दाखवतात ते काय होतं?

ते खरंच होतं आणि त्या काळी कामही करायचं. सुरुवात १९९८ ची, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ पासून, दोन कार्डं जोडली की एक कार्ड चित्राच्या सम ओळी काढणार आणि दुसरं विषम, या पद्धतीला ते एसएलआय म्हणायचे. पुढे ती कंपनी बुडाली, तिची तंत्रं एनव्हिडियाने विकत घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हेच नाव जीफोर्स ६८०० च्या वेळी परत आणलं. एटीआयने २००५ मध्ये तशीच आपली पद्धत, क्रॉसफायर, काढली, दुसऱ्या वर्षी एएमडीने एटीआयच घेतली. त्यानंतर दहाएक वर्षं भारी पीसी म्हणजे दोन कार्डं आणि मध्ये ब्रिज, म्हणजे कार्डं जोडणारी छोटी पट्टी, असंच चित्र होतं. एकाच पाटीवर दोन चिप असलेली कार्डंपण यायची, २०१२ चं जीटीएक्स ६९०, २०१४ चं आर९ २९५एक्स२ ज्याला कंपनीनेच वॉटर कूलिंग लावून दिलं होतं आणि जे एकटं ५०० वॅट खायचं. आता हे सगळं कलेक्शनमध्ये ठेवायला छान, विकत घेऊन गेम खेळायला नाही.

इतकं चांगलं चालत होतं तर बंद का पडलं?

याचं उत्तर नीट समजून घ्या कारण हे समजलं की "पुढच्या वर्षी परत येईल का" हा प्रश्न आपोआप सुटतो.

दोन कार्डं काम वाटून घ्यायची ती बहुतेक वेळा अशी, पहिली फ्रेम पहिल्या कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी परत पहिल्याने. कागदावर फ्रेम दुप्पट. पण प्रत्यक्षात दोघांची लय जुळत नाही. समजा काउंटर ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, दाखवतोय, म्हणजे प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांनी यायला पाहिजे, पण इथे काय व्हायचं, एक फ्रेम ५ मिलिसेकंदात यायची आणि पुढची २८ मिलिसेकंदांनी, मग परत ५, परत २८. सरासरी ६० च, पण डोळ्याला गेम अडखळत चाललेला दिसतो. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात. २०१३ च्या आसपास लोकांनी सरासरी सोडून एकेका फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली तेव्हा हे उघड झालं, एएमडीला त्याच वर्षी ड्रायव्हरमध्ये फ्रेम पेसिंगची दुरुस्ती द्यावी लागली.

दुसरं कारण जास्त खोल आहे. आजचे गेम नवी फ्रेम काढताना मागच्या फ्रेममधली माहिती वापरतात. कडा गुळगुळीत करणारं टीएए घ्या, छोटं चित्र काढून मोठं करणारं डीएलएसएस घ्या, एफएसआर २ आणि त्यापुढचं घ्या, सगळ्यांना मागची फ्रेम हातात लागते. आता ती मागची फ्रेम दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत पडलीये, म्हणजे आधी ती इकडून तिकडे न्यायची, तोपर्यंत हे कार्ड थांबून राहणार. दोन कार्डं लावण्याचा फायदा तिथेच संपतो.

आणि तिसरं, हे सगळं सांभाळत कोण होतं? डायरेक्टएक्स म्हणजे गेमने कार्डाशी बोलायची भाषा, तिच्या ११ पर्यंत एनव्हिडिया आणि एएमडी प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवून द्यायचे. डायरेक्टएक्स १२ आणि तशीच दुसरी भाषा व्हल्कन आल्यावर ती जबाबदारी गेम बनवणाऱ्यांकडे गेली. आता सांगा, दोन कार्डं असलेले लोक मूठभर, त्यांच्यासाठी स्टुडिओ महिनोन्महिने का खपेल? काही जणांनी केलं, बहुतेकांनी नाही. शेवटी १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० सिरीज आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल देणं एनव्हिडियाने बंदच केलं.

तर परत येईल का? मला तरी वाटत नाही, आणि त्या आशेवर मोठा मदरबोर्ड आणि मोठा पॉवर सप्लाय आत्ताच घेऊन ठेवू नका.

आत्ताच्या कुठल्या कार्डांना ब्रिज लागतो?

गेमिंग कार्डांमध्ये आरटीएक्स ३०९० आणि ३०९० टीआय हे शेवटचे. ३० सिरीजमध्ये बाकी कुणाला एनव्हीलिंकचा, म्हणजे एनव्हिडियाच्या नव्या ब्रिजचा, कनेक्टरच नाही. आरटीएक्स ४०९० ला नाही, ५०९० ला पण नाही. एएमडीने २०१७ मध्ये क्रॉसफायर हे नावच बाजूला ठेवलं, मग आरएक्स ५७०० ला दोन कार्डांचा सपोर्ट दिलाच नाही. म्हणून दुकानदार नव्या कार्डासाठी ब्रिज विकायला लागला तर दुकान बदला.

दोन कार्डं खरंच वापरणारे गेम कुठले आहेत?

आहेत, पण यादी जुनी आहे. शॅडो ऑफ द टूम रेडर, राइज ऑफ द टूम रेडर, स्नायपर एलिट ४, स्ट्रेंज ब्रिगेड, ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी, ड्यूस एक्स मॅनकाइंड डिव्हायडेड, गिअर्स ऑफ वॉर ४, झॉम्बी आर्मी ४, आणि व्हल्कनवर रेड डेड रिडेम्पशन २. यातले बरेचसे आज एका मधल्या रेंजच्या कार्डावर मस्त चालतात, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरं कार्ड घेण्यात अर्थ नाही. सायबरपंक २०७७ मध्ये सपोर्ट नाही, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये पण नाही, आणि लोक भारी कार्ड घेतात ते नेमकं अशा गेम्ससाठी. थ्रीडीमार्क या कार्डाची ताकद मोजणाऱ्या टेस्टमध्ये स्कोअर वाढतो हे खरं, तो वाढलेला बघून फसू नका, आपल्याला खेळायचा गेम आहे.

१२ जीबीची दोन कार्डं लावली तर २४ जीबी व्हीरॅम मिळते ना?

गेममध्ये नाही मिळत. व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आणि दोन्ही कार्डांना तेच टेक्स्चर, तीच मॉडेल्स स्वतःजवळ ठेवावी लागतात, त्यामुळे १२ अधिक १२ म्हणजे १२ च. खोक्यावर किंवा जाहिरातीत बेरीज करून लिहिलेलं असायचं, ते खरं धरू नका. बेरीज होते ती एआयच्या कामात, ते पुढे येतंय.

माझ्याकडे जीटीएक्स १०८० टीआय आहे, सेकंड हँड अजून एक स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मनापासून सांगतो, घेऊ नका. १०८० टीआय त्या काळचं जबरदस्त कार्ड होतं, वाद नाही. पण त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे खऱ्यासारखा उजेड आणि सावल्या काढायचं, हार्डवेअर नाही, डीएलएसएस चालत नाही, आणि ही दोन कार्डं मिळून ५०० वॅट खाणार, मेमरी ११ जीबीच राहणार. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम द डार्क एजेस सारख्या गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असावंच लागतं, तिथे अशी दोन काय दहा कार्डं लावली तरी उपयोग नाही. शिवाय त्या पिढीच्या कार्डांचे गेम रेडी, म्हणजे नव्या गेमसाठीचे, ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंतच होते, आता फक्त सिक्युरिटीपुरते अपडेट येतात. त्यापेक्षा असलेलं कार्ड विका, त्यात दुसऱ्या कार्डाला जाणार होते ते पैसे घाला आणि ८ पिनचा एखादाच कनेक्टर लागणारं नवीन मधल्या रेंजचं कार्ड घ्या, वॉरंटीसकट.

लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन ग्रुपवर जुनं कार्ड घेतच असाल तर बिल मागा, सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी किती उरलीये ते बघा, आणि समोर अर्धा तास गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवून दाखव म्हणून सांगा. नुसता डेस्कटॉप दाखवून "चालू आहे बघा" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मग दुसरं कार्ड आज नक्की कशाला उपयोगी पडतं? ते लॉसलेस स्केलिंग काय प्रकार आहे?

हां, आता खरी कामाची गोष्ट. स्टीमवर लॉसलेस स्केलिंग नावाचं स्वस्त सॉफ्टवेअर मिळतं, ते कुठल्याही गेमच्या दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घालतं. हे काम गेमच्याच कार्डावर टाकलं तर त्या कार्डाची ताकद खाल्ली जाते आणि मूळ एफपीएस पडतात. पण हेच काम दुसऱ्या छोट्या कार्डाला दिलं तर मोठं कार्ड फक्त गेम काढतं, छोटं कार्ड मधल्या फ्रेम बनवतं. इथे ब्रिज लागत नाही, दोन्ही कार्डं एकाच कंपनीची असावी लागत नाहीत, एनव्हिडिया आणि एएमडी दोन्ही ड्रायव्हर एकाच विंडोजवर गुण्यागोविंदाने राहतात. ज्यांनी नवीन कार्ड घेतलं आणि जुनं विकायचं राहिलंय त्यांनी हे नक्की करून बघावं.

लावायची पद्धत अशी. मोठं कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये, छोटं दुसऱ्या. मॉनिटरची केबल छोट्या कार्डाला लावायची, हो, छोट्याच, बरेच जण इथे अडकतात. मग विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स, तिथे हाय परफॉर्मन्ससाठी मोठं कार्ड निवडायचं म्हणजे गेम त्याच्यावर चालेल. लॉसलेस स्केलिंगमध्ये जाऊन पसंतीचा जीपीयू (ग्राफिक कार्ड) म्हणून छोटं कार्ड निवडायचं. गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये ठेवायचा आणि गेमचे एफपीएस एका ठिकाणी बांधून टाकायचे, समजा ६०, किंवा जिथपर्यंत तो न डगमगता चालतो तेवढे.

एक लक्षात ठेवा, या बनवलेल्या फ्रेम डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण माउस त्याने झटपट होत नाही, उलट थोडा उशीर वाढतोच. गोष्टीचे गेम, रेसिंग, सिम्युलेटर, ६० ला अडकलेले जुने गेम, इथे झकास. व्हॅलोरंट, सीएस २ खेळणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

दुसऱ्या स्लॉटला किती लेन पाहिजेत? माझा मदरबोर्ड चालेल का?

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात म्हणून हिशोबच मांडून दाखवतो. मोठ्या कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम पीसीआयईवरून, म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटच्या रस्त्याने, छोट्या कार्डाकडे जाते, आणि लेन म्हणजे त्या रस्त्याच्या पट्ट्या, जितक्या जास्त तितकी माहिती लवकर जाते. ४के ची एक साधी फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, एकेका पिक्सेलला ४ बाइट, झाले साधारण ३३ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे २ जीबी, १२० फ्रेम म्हणजे ४ जीबी. १४४०पी ला एक फ्रेम १५ एमबीच्या आत, १२० फ्रेमना पावणेदोन जीबी. आता दुसरी बाजू, तिसऱ्या पिढीच्या ४ लेनमधून सेकंदाला जेमतेम ४ जीबी जातात, चौथ्या पिढीच्या ४ लेनमधून ८ जीबीच्या जवळ. म्हणजे १४४०पी ला चौथ्या पिढीच्या ४ लेन आरामात पुरतात, ४के ला जास्त फ्रेम हव्या असतील, त्यात एचडीआर असेल, तर ८ लेन बघा.

आणि बोर्डावरचा दुसरा स्लॉट लांब दिसतो म्हणून त्याला १६ लेन आहेत असं समजू नका. साधे प्रोसेसर ग्राफिक कार्डासाठी १६ लेनच देतात. महागड्या बोर्डांवर त्या ८ आणि ८ अशा दोन स्लॉटमध्ये वाटता येतात, पण मधल्या रेंजच्या बहुतेक बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट थेट प्रोसेसरवरून नाही, चिपसेट या बोर्डावरच्या वेगळ्या चिपवरून येतो, त्याला कधी ४ लेन असतात, कधी चक्क १. स्लॉटच्या आत टॉर्च मारून बघा, सोनेरी पिना अर्ध्यातच संपलेल्या दिसतील. पण नुसत्या पिनांवर जाऊ नका, बोर्डाचं मॅन्युअल पीडीएफ उतरवा आणि एक्सपान्शन स्लॉटचं पान वाचा, तिथे खाली बारीक अक्षरात हेही असतं की अमुक एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावला की हा स्लॉट बंद होतो. हे पान बोर्ड घेण्याआधी वाचायचं, कारण खोकं उघडलं की दुकानदार परत घेईलच असं नाही.

थ्रेडरिपरसारख्या वर्कस्टेशन प्रोसेसरला लेन भरपूर मिळतात, पण नुसत्या गेमसाठी तेवढे पैसे घालू नका.

छोटं कार्ड कुठलं घ्यावं?

घरात जे जुनं पडलंय ते आधी लावून बघा. घ्यायचंच असेल तर मॉनिटर बघून ठरवा. आरएक्स ६४०० ला वेगळी पॉवर केबल लागत नाही, ५३ वॅटमध्ये भागतं आणि त्याला मुळात ४ च लेन आहेत, १०८०पी ला ठीक. १४४०पी आणि वर जायचं तर आरएक्स ६६०० सारखं, १३२ वॅट, ८ लेन. घेताना त्याच्यावरचे पोर्ट तपासा कारण मॉनिटर त्यालाच लागणार आहे, तुमचा १४४ हर्ट्झ किंवा २४० हर्ट्झ त्या पोर्टमधून निघाला पाहिजे.

पॉवर सप्लाय किती वॅटचा? घराच्या वायरिंगला झेपेल का?

मोठं कार्ड अधिक छोटं कार्ड असेल तर नेहमीच्या हिशोबात छोट्या कार्डाचे वॅट मिळवा आणि वर थोडी ढील ठेवा, फार काही नाही. खरा प्रश्न दोन मोठ्या कार्डांचा. दोन ३०९० म्हणजे ३५० आणि ३५०, सातशे वॅट नुसते कार्डांचे, वर प्रोसेसर, आणि ही कार्डं क्षणभर ठरलेल्यापेक्षा बरीच जास्त ओढतात, तेव्हा १२०० वॅटच्या खाली जाऊ नका. ५०९० एकटं ५७५ वॅटचं आहे, तशी दोन म्हणजे ११५० वॅट फक्त कार्डांना.

आता भिंतीकडे या. १२०० वॅटचा सप्लाय पूर्ण लोडवर चालला तर स्वतःचं नुकसान धरून भिंतीतनं तेराशेच्या वर वॅट ओढणार, २३० व्होल्टला भागा, पावणेसहा अँपिअरच्या आसपास. आपल्याकडचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. त्याच बोर्डवर मॉनिटर, स्पीकर, राउटर असतोच. म्हणून असा पीसी १६ अँपिअरच्या सॉकेटवर, वेगळ्या लाइनवर, चांगल्या अर्थिंगसकट चालवा, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर आधी वायरमनला बोलावून वायर किती जाडीची आहे ते विचारा. स्वस्तातल्या एक्स्टेंशनवर अजिबात नको, प्लास्टिक वितळतं, आगीची भीती असते. घरच्या ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर हा पीसी टाकायचा विचारही करू नका, लाइट गेली की तो लोड घेऊच शकणार नाही.

बिलाचंही बघून ठेवा. ३५० वॅटचं जास्तीचं कार्ड रोज ४ तास चाललं तर महिन्याला ४२ युनिट वाढतात, आणि महावितरणचा स्लॅब त्याने ओलांडला तर स्लॅबच्या वरच्या युनिटांचा दर पण चढतो.

दोन कार्डं लावली की गरम किती होतं?

वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, म्हणून नेहमी वरचंच जास्त तापतं. आजची कार्डं तीन-साडेतीन स्लॉट जाड असतात, दोन लावली की मध्ये बोटभर जागा पण उरत नाही. नागपूर, जळगावकडे मे महिन्यात खोलीच चाळीसच्या घरात असते, तिथे बंद खोलीत सातशे वॅट म्हणजे हीटर लावून बसल्यासारखंच, एसीचा खर्च धरूनच ठरवा. दोन कार्डांत निदान एक स्लॉट मोकळा राहील असा बोर्ड, समोरून जाळी असलेलं कॅबिनेट, आणि खालून हवा आत घेणारे फॅन, एवढं तरी हवंच.

फिजिएक्ससाठी वेगळं कार्ड लावतात म्हणे?

हो, फिजिएक्स म्हणजे जुन्या गेममध्ये धूर, कापड, उडणारे तुकडे खऱ्यासारखे हलवणारं एनव्हिडियाचं तंत्र, आणि हा प्रकार २०२५ मध्ये परत चर्चेत आला. फिजिएक्स कार्डावर चालतं ते एनव्हिडियाच्या कुडा या सोयीवर, आरटीएक्स ५० सिरीजने ३२ बिटचं कुडा सोडून दिलं, त्यामुळे जुन्या गेममधला फिजिएक्स प्रोसेसरवर पडला आणि बॉर्डरलँड्स २, बॅटमॅनचे अर्खम गेम अशांमध्ये ते इफेक्ट चालू केले की हजारोंच्या नव्या कार्डावर एफपीएस कोसळायला लागले. लोकांनी काय केलं, जुनं छोटं एनव्हिडिया कार्ड दुसऱ्या स्लॉटला लावलं आणि कंट्रोल पॅनेलमध्ये फिजिएक्स त्याच्याकडे दिलं. नंतर एनव्हिडियाने निवडक गेमपुरता सपोर्ट परत आणला, तेव्हा आधी ड्रायव्हर अपडेट करून तुमचा गेम त्यात आहे का बघा, मगच कार्ड शोधा.

गेमिंगबरोबर एआय, ब्लेंडर पण करायचंय, तर?

मग दोन कार्डांना खरा अर्थ आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये (चित्र रेंडर करणाऱ्या भागात) दोन कार्डं लावली की रेंडरचा वेळ जवळपास निम्मा होतो, ब्रिज नसला तरी, फक्त सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. घरी भाषेची मॉडेल्स चालवणाऱ्यांसाठी तर अजून चांगलं, मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, म्हणजे २४ जीबीची दोन ३०९० घेतली तर ४८ जीबीचं काम होतं. म्हणूनच जुन्या ३०९० ला अजून मागणी आहे. दिवसा हे काम आणि रात्री एका कार्डावर गेम, असं असेल तर दुसऱ्या कार्डाचे पैसे वसूल होतात.

तीन मॉनिटर लावायचेत, त्याला तरी दुसरं कार्ड लागेल?

नाही. बहुतेक मोठ्या कार्डांवर चार पोर्ट असतात, एकावरच होतं. स्ट्रीमिंगला पण नको, व्हिडिओ बनवणारा एन्कोडर कार्डातच वेगळा असतो.

दुसरं कार्ड लावल्यावर गेम आधीपेक्षा हळू चालतोय, काय चुकलं असेल?

या क्रमाने बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये दोन्ही कार्डं दिसतील, गेम चालू ठेवून बघा कुठलं शंभरला टेकलंय. छोटं टेकलं असेल आणि मोठं झोपलेलं असेल तर गेम चुकीच्या कार्डावर चाललाय, विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमला मोठं कार्ड ठरवून द्या आणि गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पण कार्डाचं नाव तपासा, काही गेम तिथे वेगळं धरून बसतात. मोठं कार्ड बरोबर चाललंय तरी फ्रेम कमी, तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून दोन्ही कार्डांचा बस इंटरफेस बघा, पहिल्या कार्डाच्या १६ लेनच्या ८ झाल्या असतील तर फार फरक नाही पडत, पण दुसऱ्याला १ लेन दिसली तर तिथेच गाडी अडलीये, दुसरा स्लॉट किंवा एम.२ मधला एसएसडी हलवून बघा. लेन बघताना जीपीयू-झेडमधली छोटी टेस्ट चालू ठेवा, कारण कार्ड रिकामं असताना पिढीचा आकडा मुद्दाम कमी दाखवतं आणि लोक उगाच घाबरून बोर्ड परत करायला निघतात.